भांडवल जमा, रोख 31,500

मी सनदी लेखापाल आहे. 1994 पासून पुण्यात काम करते. घटस्फोटाच्या वाटाघाटींत मालमत्तेची किंमत काढायला मला बोलावतात. तिथे मी वर्षानुवर्षे एकच मत ठामपणे मांडत आले : ज्याच्या नावावर, त्याचे. हे मत चुकीचे होते, आणि ज्यांच्या बाबतीत मी ते वापरले त्यांचे त्यात नुकसान झाले, म्हणून हे लिहिते आहे.

त्या मताला कायद्याचा आधार होता. लग्नानंतर दोघांनी मिळून उभी केलेली संपत्ती दोघांची, ही कल्पनाच हिंदू विवाह कायद्यात नाही. 1955 च्या त्या कायद्याचे कलम 27 लग्नाच्या वेळी किंवा त्या सुमारास मिळालेल्या, दोघांच्या सामाईक वस्तूंपुरते बोलते. पुढच्या पंचवीस वर्षांत घेतलेला फ्लॅट, वाढवलेला धंदा, शेअर, जमीन यांना ते हात लावत नाही. ज्याच्या नावावर काही नाही, त्याने पोटगी मागायची. त्यामुळे माझे काम सोपे असे. सातबारा, इंडेक्स टू, सोसायटीचे शेअर सर्टिफिकेट, डिमॅटचा उतारा घ्यायचा आणि नाव वाचायचे.

कायद्याइतकाच माझा स्वतःचा अनुभवही या मतामागे होता. मी कमावती बाई. ऑडिटच्या दिवसांत, सप्टेंबरमध्ये, रात्री अकरा-अकरापर्यंत ऑफिसात बसून मी माझे घर घेतले. जिने कधी एक हप्ता भरला नाही तिने अर्ध्यावर हक्क का सांगावा, असे मला मनापासून वाटे. स्त्रियांनी कमवावे, मागू नये, ही माझी धारणा होती आणि तिचा मला अभिमान होता.

भोसरीच्या एमआयडीसीत सुट्या भागांचे वर्कशॉप असलेले एक गृहस्थ माझे जुने अशील. दोन लेथवर सुरू झालेला धंदा पुढे चांगलाच वाढला. पंचविशीला आलेला संसार मोडला, तेव्हा त्यांच्या बाजूने संपत्तीचा तक्ता मी केला. वर्कशॉप त्यांच्या एकट्याच्या मालकीचे. फ्लॅट त्यांच्या आणि आईच्या नावावर. काही ठेवी हिंदू अविभक्त कुटुंबाच्या खात्यात. मी सगळे पुस्तकी किमतीने मांडले. घसारा वजा जाऊन यंत्रे जवळजवळ शून्यावर आलेली. एमआयडीसीचा भूखंड पंच्याण्णव वर्षांच्या भाडेपट्ट्यावरचा, तो जुन्या खरेदीच्या आकड्यावर. कागदावर धंदा किरकोळ दिसत होता. एकही आकडा खोटा नव्हता. पण विकायला काढले तर याच्या कितीतरी पट येतील हे मला माहीत होते, आणि मी ते लिहिले नाही.

मध्यस्थीच्या बैठकीला त्यांची पत्नी कापडी पिशवी घेऊन आली. पिशवीत कालनिर्णयची जुनी कॅलेंडरे होती, सुतळीने बांधलेली. दुधाचा हिशेब लिहितात तशा तारखांच्या चौकोनांत बारीक अक्षरात नोंदी होत्या. ‘दूध दीड’, त्याखाली ‘उचल 200’, त्याखाली ‘डबे 7’. कामगारांची उचल ती लिहीत होती, रात्रपाळीचे डबे ती करत होती. मी म्हणाले, “हे घरगुती आहे, याला हिशेब म्हणता येणार नाही.” ती शांतपणे म्हणाली, “मॅडम, अठ्ठ्याण्णवचं ऑगस्ट बघा.”

ऑगस्ट 1998 च्या एका चौकोनात लिहिले होते, ‘पाटल्या, हार मोडले. 31,500. यांना दिले. बँक.’

तो आकडा मला ओळखीचा वाटला. घरी येऊन जुन्या फाइली काढल्या. त्या वर्षीच्या खतावणीत, मालकाच्या भांडवल खात्यात, त्याच तारखेला नोंद होती : ‘भांडवल जमा, रोख 31,500’. अक्षर माझे होते. पैसे कुठून आले हे मी तेव्हा विचारले नव्हते. स्त्रीधन ही सर्वस्वी पत्नीची मालमत्ता, नवऱ्याकडे ते फक्त सांभाळायला असते, हे सर्वोच्च न्यायालयाने 1985 मध्येच प्रतिभा राणी खटल्यात सांगून ठेवले होते. मी एका ओळीत ते नवऱ्याचे भांडवल करून टाकले. पुढची सगळी वाढ त्या भांडवलावर त्याच्याच नावाने चढत गेली.

तरी मी गप्प राहिले. एकरकमी पोटगीवर तडजोड झाली, परस्पर संमतीने घटस्फोट झाला. कॅलेंडरे पुरावा म्हणून कुठेही नोंदली गेली नाहीत. ती पिशवी उचलून गेली.

ती खतावणी पाहिली त्या रात्रीनंतर माझ्या स्वतःच्या घराचा हिशेब मला नव्याने दिसू लागला. सप्टेंबरमध्ये मी अकरापर्यंत ऑफिसात बसत होते, तेव्हा माझ्या मुलाला जेवू घालून झोपवत होत्या सासूबाई. माझ्या प्रत्येक हप्त्यात त्यांच्या संध्याकाळी होत्या. ज्याने पैसे आणले त्याचेच सगळे, असे म्हणताना मी त्यांनाही बाहेर काढले होते. आज त्या नाहीत.

दुसरा धडा गोव्याने दिला. मडगावच्या एका दुकानदाराचे विवरणपत्र मी भरत असे. आयकर कायद्याच्या कलम 5ए प्रमाणे पगार सोडून त्याचे इतर उत्पन्न पती-पत्नीत निम्मे-निम्मे दाखवावे लागे. 1867 ची पोर्तुगीज नागरी संहिता गोव्यात 1870 पासून लागू झाली आणि 1961 च्या मुक्तीनंतरही टिकली. लग्नाआधी वेगळा करार केला नसेल तर तिच्याप्रमाणे संपत्ती दोघांची सामाईक होते. दुकानाची जागा विकायची तर पत्नीची सही लागते. मी हे फक्त फॉर्मातला एक जास्तीचा रकाना म्हणून भरत आले. गल्ल्यावर कधी न बसलेल्या बाईच्या नावे निम्मा नफा लिहिताना माझा हात कधी अडखळला नाही. मग भोसरीत का अडखळावा?

“पोटगी आहेच की,” असे लोक म्हणतात. मीही म्हणत असे. 2020 च्या रजनेश विरुद्ध नेहा निकालानंतर पोटगीच्या प्रकरणांत दोघांनाही मालमत्ता आणि देण्यांचे प्रतिज्ञापत्र द्यावे लागते, हे चांगलेच झाले. पण उघड झालेली संपत्ती त्यामुळे वाटली जात नाही. पोटगी म्हणजे दोघांची संपत्ती समान करण्याचे साधन नव्हे, असे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर 2024 मध्ये सांगितले. ते मला पटते. पोटगी गरज बघते. मालकीचा प्रश्न त्यातून सुटणार नाही, त्याला वेगळाच कायदा हवा. पतीच्या स्थावर संपत्तीत पत्नीला वाटा देऊ पाहणारे विधेयक ऑगस्ट 2013 मध्ये राज्यसभेने मंजूर केले होते. लोकसभेची मुदत संपली आणि ते बारगळले.

सरसकट अर्धे करा, असे माझे म्हणणे नाही. वडिलोपार्जित आणि लग्नाआधीचे ज्याचे त्याच्याकडे राहावे. लग्नानंतर वाढलेले मात्र दोघांचे धरावे, कर्जासकट. पत्नी जास्त कमावत असेल तर तिच्या संपत्तीलाही हाच नियम लागावा. चालता कारखाना मोडून वाटू नये. बाजारभावाने किंमत ठरवावी आणि वाटा हप्त्यांनी द्यावा. हे सगळे करता येण्याजोगे आहे, हे मी हिशेबनीस म्हणून सांगते.

महाराष्ट्राला हा विचार परका नाही. शरद जोशींच्या शेतकरी संघटनेने लक्ष्मीमुक्तीची हाक दिली, तेव्हा गावोगावच्या शेतकऱ्यांनी बायकोच्या नावे जमीन करून दिली. कायद्याने भाग पाडले नव्हते. तिच्या घामाचे देणे म्हणून त्यांनी ते केले. मी तेव्हा शिकत होते. वर्तमानपत्रात वाचले आणि विसरले.

गेल्या वर्षी भोसरीच्या त्या बाईंना भेटून मी सगळे सांगितले. खतावणीचे पान दाखवले. त्यांनी बराच वेळ ते पाहिले आणि म्हणाल्या, “तेव्हाच विचारलं असतंत तर.” याला माझ्याकडे उत्तर नव्हते.

परवा चाकणचे एक तरुण जोडपे नव्या धंद्याची पुस्तके सुरू करायला आले. पहिली जमा रोख दोन लाखांची होती. मी विचारले, “हे कुणाचे?” मुलगा म्हणाला, “हिचे दागिने ठेवून सोनेतारण काढलं. मालक मीच आहे, माझ्याच नावे टाका.” मुलगी काही बोलली नाही. मी दोघांना बसवून घेतले, जुन्या खतावणीतली ही गोष्ट सांगितली आणि भागीदारीचा मसुदा समोर ठेवला. भांडवलाची पहिली नोंद मी तिच्या नावे केली.