नेटवर्कमधला शेजार

विंडोज ९५ आणि ९८ च्या पडद्यावर ‘नेटवर्क नेबरहूड’ नावाचे एक चिन्ह असे. नेबरहूड म्हणजे शेजार. एका जाळ्यातले संगणक तिथे आपापल्या नावानिशी दिसत, वाड्यातल्या बिऱ्हाडांसारखे. विंडोज एक्सपीपर्यंत येता येता त्याचे ‘माय नेटवर्क प्लेसेस’ झाले. शेजार गेला, नुसत्या जागा उरल्या. तरी जुन्या संगणकावरची ड्राइव्ह दुसऱ्यावरून उघडेनाशी झाली की बिघाड शोधण्याची वाट अजूनही शेजारच्या दारापर्यंत जाते, आणि ती पायरी पायरीनेच चढावी लागते.

पहिली पायरी केबलची. स्विचवरचा दिवा विझलेला असेल तर बाकी काही तपासू नये. दोन जुने संगणक स्विचशिवाय थेट जोडायचे तर बहुधा क्रॉसओव्हर केबलच लागते. दिवा लागला, पण आयपी पत्ता १६९.२५४ ने सुरू होत असेल, तर पत्ते वाटणाऱ्या राउटरकडून उत्तर आलेले नाही. संगणकाने आपल्यापुरता तात्पुरता पत्ता ठरवून घेतला आहे. चार-पाच यंत्रांच्या जाळ्यात पत्ते हाताने भरणे सर्वांत भरवशाचे.

तरीही दोघे एकमेकांना ऐकू येत नाहीत, तेव्हा भाषा तपासावी. विंडोज ९८ वर कधी कधी फक्त नेटब्यूई हा जुना प्रोटोकॉल बसवलेला असतो, आणि एक्सपी मुळात टीसीपी-आयपी बोलते. नेटब्यूई एक्सपीच्या सीडीवर एका कोपऱ्यात मिळते, पण ९८ ला टीसीपी-आयपी शिकवणे अधिक शहाणपणाचे.

शेजाऱ्यांची यादी हे या जाळ्याचे हळवे ठिकाण. ती कुठल्याही मध्यवर्ती ठिकाणी नसते. चालू संगणक आपसांत निवडणूक घेऊन एकाला यादी राखायला बसवतात. प्रत्येक यंत्र दर १२ मिनिटांनी ‘मी आहे’ असे कळवते, आणि तीन हाका चुकल्यावरच त्याचे नाव पुसले जाते. म्हणून बंद केलेला संगणक अर्धा तास उलटला तरी यादीत दिसत राहतो, आणि जागा असलेला कधी दिसतच नाही. यादीवर विसंबू नये. रन चौकटीत दोन उलट्या तिरप्या रेघा आणि शेजाऱ्याचे नाव लिहून थेट हाक मारावी. संगणकाचे नाव १५ अक्षरांच्या आत असावे. शेअर केलेल्या फोल्डरचे १२ च्या, नाहीतर ९८ ला ते दिसत नाही.

हाक पोहोचूनही दार बंद राहण्याचे एक कारण फायरवॉल. २००४ च्या सर्व्हिस पॅक २ पासून ती एक्सपीत आपोआप चालू असते. तिच्या अपवादांत फाइल आणि प्रिंटर शेअरिंगला मुभा द्यावी.

सर्वांत जास्त वेळ जातो तो ओळखीत. ९८ वरून एक्सपीकडे गेल्यावर ‘आयपीसी डॉलर’ या नावासाठी पासवर्ड मागणारी चौकट येते. माणसे आठवतील तेवढे पासवर्ड टाकून पाहतात. चुकलेले असते ते नाव, आणि नाव ती चौकट विचारतच नाही. ९८ सुरू होताना जे नाव दिले तेच ते पुढे करते. तिथे एस्केप दाबून आत आलेला माणूस जाळ्यापुरता निनावी राहतो. एक्सपीवर त्याच नावाचे, त्याच पासवर्डचे खाते उघडले की चौकट येत नाही. पासवर्ड कोरा ठेवू नये, कारण कोऱ्या पासवर्डचे खाते एक्सपी नेटवर्कवरून आत घेत नाही. शेअरची परवानगी आणि डिस्कवरच्या एनटीएफएस या फाइल-व्यवस्थेची परवानगी या दोन्ही पाहाव्यात. त्यांतली कडक ती लागू होते.

एक्सपी आणि विंडोज १० यांच्यामधली भिंत मात्र मुद्दाम बांधलेली आहे. एक्सपीला एसएमबी या फाइल शेअरिंगच्या प्रोटोकॉलची पहिलीच आवृत्ती येते. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस त्याच आवृत्तीतल्या फटीतून जगभर पसरला, आणि त्याच वर्षाच्या शरद ऋतूपासून नव्याने बसवलेल्या विंडोज १० मधून तिचा सर्व्हर वगळला गेला. ती पुन्हा चालू करता येते, पण नव्या संगणकाची सुरक्षितता त्यासाठी पणाला लावू नये. मधे सांबा हा एसएमबी बोलणारा प्रोग्राम चालवणारे लिनक्सचे एखादे यंत्र ठेवावे. जुनी आवृत्ती त्यात मुद्दाम चालू केली की जुन्याशी ते जुन्या भाषेत बोलते, नव्याशी नव्या. जुन्या संगणकाला इंटरनेटचा रस्ता बंद ठेवावा. त्याच्या फाइली मधल्या यंत्रावरून उचलता येतात.