तांब्याची तार, काचेचा तंतू

गेल्या पावसाळ्यात आम्ही धर्मगुरुनिवासातील तांब्याच्या तारेवरचे जुने ब्रॉडबँड सोडून दुसऱ्या कंपनीचे फायबर घेतले. केसासारख्या बारीक काचतंतूतून प्रकाश संदेश वाहून नेतो. १९६६ साली चार्ल्स काओ यांनी ही वाट दाखविली. २००९ साली त्यांना नोबेल पारितोषिक लाभले. वेग पाहून आम्ही हरखलो.

एका वादळी रात्री वीज गेली आणि फोन मुका झाला. मोबाइललाही रेंज नव्हती. तांब्याच्या तारेतून टेलिफोन केंद्राची वीज फोनला मिळत असे. काच वीज वाहत नाही. अखेर एक मुलगा भिजत दाराशी आला : आजी अत्यवस्थ होती. आम्ही वेळेवर पोहोचलो, एवढीच देवाची कृपा.

दुसऱ्याच दिवशी आम्ही फायबरच्या यंत्राला बॅटरी जोडली. नवे अवश्य घ्यावे. परंतु जुने मुकाट्याने काय देत होते, हे आधी पाहावे.