ज्याच्या नावावर पुस्तक नाही

साडेबारा सेंटिमीटर लांब, साडेसात रुंद. खाली मधोमध भोक, त्यातून खणाची सळई गेलेली. अंगावर मोजके शब्द: वर ‘भाऊसाहेब पाटणकर’, मध्ये ‘पाहा’, खाली ‘पाटणकर, वासुदेव वामन’. बस. शेजारच्या कार्डांवर प्रकाशक, आवृत्ती, पृष्ठं, किंमत, दाखल क्रमांक असा भरला संसार. याच्या नावावर एक पुस्तक नाही. ग्रंथालयाच्या कॅटलॉगमधला हा सगळ्यात गरीब गडी. शास्त्रात त्याला भारदस्त नावं असतील, आपण त्याला ‘पाहा’च म्हणू.

गरीब असला तरी अडाणी नाही. यवतमाळचे वकील, शिकारी आणि मराठी शायर पाटणकर यांना वासुदेवराव म्हणून कोण ओळखतं? लोक भाऊसाहेबांची पुस्तकं मागतात. नियम म्हणतो, आडनाव आधी. नियम आणि लोक यांच्या मधोमध पाहा उभा. तो वाचकाची चूक काढत नाही, ‘बरोबर नाव घेऊन या’ म्हणून परत पाठवत नाही. एसटी स्टँडवरच्या चौकशी खिडकीत क्वचित भेटणाऱ्या सज्जनासारखा तो फलाट दाखवतो आणि गप्प बसतो.

त्याचा एक भाऊ आहे, ‘आणखी पाहा’. हा जरा बोलका. पाहा सांगतो की तुम्ही म्हणता तो आणि हा एकच. आणखी पाहा सांगतो की हे वेगळं आहे, पण तुमच्या कामी येईल. वणीला 1880 साली जन्मलेल्या लोकनायक बापूजी अण्यांनी लोकमान्यांवर संस्कृतात महाकाव्य लिहिलं, ‘श्रीतिलकयशोऽर्णवः’. त्याला 1973 साली, अणे गेल्यानंतर, साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. पुस्तक बसतं संस्कृत काव्याच्या फळीवर. टिळकांची चरित्रं चाळणाऱ्याला ते तिथे दिसायचं काही कारणच नाही. ‘टिळक – आणखी पाहा’ हे कार्ड जो कोणी लिहील, त्याने निदान पुस्तक उघडलेलं असणार. बाकीची कार्डं मुखपृष्ठावरूनही भरता येतात. तेव्हा माणूस पारखायचा तर याच कार्डावरून पारखावा.

घराणं जुनं. 1876 साली मेल्विल ड्यूई यांचं दशांश वर्गीकरण आलं आणि त्याच वर्षी चार्ल्स कटर यांची कॅटलॉगची नियमावली. कटर यांच्या नियमांत पाहाला रीतसर नोकरी होती. 1910 मध्ये सयाजीराव गायकवाडांनी ग्रंथालयांची घडी बसवायला विल्यम बोर्डन यांना अमेरिकेहून बडोद्यात बोलावलं. रंगनाथन यांनी 1931 मध्ये ग्रंथालयशास्त्राची पाच सूत्रं मांडली. त्यातलं चौथं, वाचकाचा वेळ वाचवा, हे पाहाचं एकमेव काम. महाराष्ट्राचा सार्वजनिक ग्रंथालय कायदा झाला 1967 साली, आणि तेव्हा मुख्यमंत्री होते पुसद तालुक्यातल्या गहुलीचे वसंतराव नाईक. कायद्यामुळे वर्ग आले, अनुदान आलं. कार्डांची कपाटं मात्र सगळीकडे आली नाहीत. गावातल्या ‘ड’ वर्गाच्या वाचनालयात दाखल नोंदवही असते आणि ग्रंथपालाचं डोकं असतं. तिथले सगळे पाहा त्या डोक्यात राहतात आणि त्याच्याबरोबरच निवृत्त होतात.

पाहाचं कसब बघायचं तर यवतमाळ जिल्ह्यालाच हाक मारावी. 1853 मध्ये निजामाने वऱ्हाड इंग्रजांच्या हवाली केला. पुढे इथला जिल्हा काही काळ आग्नेय वऱ्हाड होता, मग ‘वूण’ झाला. वूण म्हणजे वणीच, साहेबाच्या तोंडची. 1870 चं लायल यांचं वऱ्हाड गॅझेटिअर काढलं तर त्यात सापडेल ती वूण. 1905 मध्ये जिल्ह्याला यवतमाळ नाव मिळालं, तरी 1908 चं जिल्हा गॅझेटिअर छापलं गेलं ते आजच्याहून निराळ्या इंग्रजी स्पेलिंगने. वरचं छप्परही बदलत गेलं: मध्य प्रांत व वऱ्हाड, 1956 नंतर द्वैभाषिक मुंबई राज्य, 1960 पासून महाराष्ट्र. आपल्या तालुक्याच्या जुन्या जमीनधाऱ्याचा शोध घेणारी एखादी विद्यार्थिनी शोधखिडकीत ‘यवतमाळ’ टाकते. पुस्तक कपाटात असतं, तिच्यापासून दहा पावलांवर. त्यावर यवतमाळ ही अक्षरं कुठेच नसतात.

विषयांचं याहून कठीण. ‘पऱ्हाटीच्या बोंडअळीचं पुस्तक हाये का जी?’ असा प्रश्न यवतमाळात येणारच. ड्यूईच्या हिशेबात कापसाचं पीक 633.51 मध्ये, किडी 632.7 मध्ये, कापसाचं कापड 677.21 मध्ये, शेतमालाचं अर्थकारण 338.1 मध्ये, विषशास्त्र 615.9 मध्ये आणि आत्महत्या 362.28 मध्ये. बांधावर जे एकाच घरात घडतं, त्याच्या फळीवर सहा वाटण्या. ड्यूईचा दोष नाही. पुस्तक एकाच जागी उभं राहू शकतं. वाटण्या जोडायचं काम आणखी पाहाचं. 2017 च्या खरिपात याच जिल्ह्यात फवारणी करताना विषबाधा होऊन वीसहून अधिक शेतकरी-शेतमजूर गेले. ‘फवारणी – आणखी पाहा: विषबाधा’ हे कार्ड दूर कुठे बसून नियमावली करणाऱ्याला सुचेल न सुचेल, यवतमाळच्या ग्रंथपालाला ते सुचायलाच हवं.

मग संगणक आला आणि पाहावर गदा आली. कार्डांवरची माहिती भरायला बसलेल्या मुलाला चौकटी दिलेल्या असतात, आणि दाखल क्रमांकाची चौकट रिकामी ठेवली की पुढे सरकता येत नाही. पाहाकडे दाखल क्रमांक कुठला? बाजूला काढली जातात ती ही कार्डं, आणि मग रद्दीत. वर समजूत अशी की आता शोधखिडकी आहे, काहीही टाका, सापडेल. अहो, ‘वऱ्हाड’ सापडायची मारामार! त्यातला अर्धा र संगणकात दोन तऱ्हांनी टंकता येतो. पडद्यावर दोन्ही हुबेहूब सारखे, आतले संकेतांक वेगळे. सॉफ्टवेअरने ते आधी एकसारखे करून घेतले नसतील, तर एकाने भरलेला वऱ्हाड दुसऱ्याने शोधल्यावर यंत्र निर्विकारपणे शून्य नोंदी दाखवतं. पऱ्हाटीचंही तेच.

गंमत अशी की हाकललेला पाहा आता मागच्या दाराने, सुटाबुटात परत आला आहे. त्याला ऑन्टॉलॉजी म्हणतात. म्हणजे कुठली वस्तू कुठल्या वस्तूची कोण लागते, याचा यंत्राला वाचता येईल असा नकाशा. 2009 मध्ये वर्ल्ड वाइड वेब कन्सॉर्शियमने विषयसूचींसाठी ‘स्कॉस’ नावाचा नमुना ठरवून दिला. त्यात प्रत्येक संकल्पनेला एक पसंतीचं नाव, हवी तेवढी इतर नावं, वरचा वर्ग, खालचा वर्ग आणि संबंधित संकल्पना असतात. इतर नावं म्हणजे पाहा, संबंधित म्हणजे आणखी पाहा. फरक एवढाच की कार्ड एका कपाटापुरतं होतं. इथे पऱ्हाटी, कपाशी, कापूस यांची गाठ कुणी एकदा मारली की ती गाठ वापरणाऱ्या प्रत्येक ग्रंथालयाला ती मिळते. शिवाय नात्याला तारीख लावता येते: वूण, 1905 पर्यंत, पुढे यवतमाळ. कार्डाला हे जमत नव्हतं असं नाही, पण जागा पुरत नव्हती.

आता बुद्धिमान सॉफ्टवेअर या गाठी स्वतःच सुचवू लागलं आहे. फिनलंडच्या राष्ट्रीय ग्रंथालयाचं ‘ॲनिफ’ मजकूर वाचून विषय सुचवतं, तेही मोकळ्या परवान्याचं, कोणीही घ्यावं असं. अशी मदत मिळाली तर जरूर घ्यावी. हजारो जुनी पुस्तकं विषयवार लावायला कुठल्या वाचनालयाकडे माणसं आहेत? पण यंत्राच्या पाहाला एक खोड आहे: त्याला संकोच नाही. वणी यवतमाळ जिल्ह्यात आहे, कोळशाची. वणी नाशिक जिल्ह्यातही आहे, सप्तशृंगीची. कळंब यवतमाळ जिल्ह्यात आहे आणि धाराशिव जिल्ह्यातही आहे. नुसत्या अक्षरांवर विसंबणारं यंत्र गडावरच्या देवीला कोळशाच्या खाणीशेजारी बिनदिक्कत आणून बसवेल. हाताने लिहिणारा कंसात जिल्हा घालायचा आणि खात्री नसेल तर कार्ड लिहायचाच नाही.

एका बाबतीत मात्र नवा पाहा जुन्यापेक्षा उजवा निघेल. कार्डाच्या जमान्यात एक नाव यजमान आणि बाकीची पाहुणी हे ठरलेलंच होतं. लमाण, बंजारा, गोर: कुठल्या नावावर पुस्तकं लागणार आणि कुठल्या नावापुढे नुसतं ‘पाहा’ येणार, हे ज्या लोकांची ती नावं त्यांना कुणी विचारलं नाही. ऑन्टॉलॉजीत संकल्पनेची ओळख एका क्रमांकाने ठेवता येते आणि सगळी नावं त्याखाली शेजारी शेजारी नांदतात. पडद्यावर सर्वांत वर कुठलं दिसावं, हे तरीही कुणाला तरी ठरवावं लागतंच. पुसद-दिग्रसच्या वाचनालयात ती चौकट भरली जाईल, तेव्हा संगणकाशेजारच्या खुर्चीवर तांड्यातलं कुणीतरी बसलेलं असावं, एवढी तजवीज कार्यकारी मंडळाला करता येईल. त्याला अनुदानही लागत नाही.