मोकळे रकाने

कोल्हापूरकडच्या एका सहकारी साखर कारखान्यात, ऊस बिल विभागात मी लागले, तेव्हा तिथे नुकताच संगणक आला होता. माउस नव्हता. काळ्या पडद्यावर लोटस वन-टू-थ्री उघडायचं आणि पंधरवड्याची बिलं काढायची. टनेज गुणिले दर, त्यातून विकास सोसायटीची वसुली वजा, शेवटी निव्वळ देय रक्कम. आमच्या हेडक्लार्कना सगळे अण्णा म्हणत. त्यांचं आयुष्य खतावणीत गेलेलं. निव्वळ रकमेच्या सूत्रावर कुणी चुकून आकडा टाइप करेल, याची त्यांना सतत धास्ती असे. ती धास्ती रास्तच होती. सूत्राच्या जागी आकडा बसला तरी ओळ दिसायला अगदी बरोबर दिसते. पुढच्या पंधरवड्यात टनेज बदलतं, रक्कम मात्र हलत नाही, आणि शेतकऱ्याच्या खात्यावर भलताच पैसा पडतो.

लोटसमध्ये यावर उपाय होता. तिरकी रेघ दाबली की मेनू यायचा. त्यातून भरायचे रकाने तेवढे मोकळे करायचे, बाकी शीटचं संरक्षण चालू करायचं, आणि मग ‘रेंज इनपुट’. यानंतर बाणाचं बटण दाबलं की कर्सर एका मोकळ्या रकान्यातून थेट पुढच्या मोकळ्या रकान्यात जायचा. मधली सूत्रं, शीर्षकं तो ओलांडूनच जाई. ही सोय केली त्या दिवसापासून अण्णा निराळ्याच वेगाने काम करू लागले. डाव्या हाताचं बोट वजनाच्या पावतीवर, उजवा हात आकड्यांवर, आणि नजर पावतीवरून हलायची नाही. आकडा, बाण, आकडा, बाण. पडद्याकडे पाहायचे ते पान संपल्यावर, बेरीज जुळवायला. कुलूप असतं ते असं काम निर्धास्तपणे चालावं म्हणून, हे मी तिथे पाहिलं.

पुढे एक्सेल आलं. विंडोजवर ते १९८७ पासून होतं, आमच्याकडे बऱ्याच वर्षांनी पोचलं. कंट्रोल आणि १ दाबून ‘प्रोटेक्शन’चा टॅब पहिल्यांदा उघडला, तर ‘लॉक्ड’वर टिक आधीच होती. कोणताही सेल घ्या, तीच टिक. एक्सेलमध्ये प्रत्येक सेल जन्मतःच कुलूपबंद असतो. शीट प्रोटेक्ट करेपर्यंत ते कुलूप लागू होत नाही, एवढंच. म्हणजे आपलं काम उरतं ते कोणता सेल मोकळा ठेवायचा हे ठरवण्याचं. त्यासाठी भरणाऱ्या माणसाच्या जागी बसून विचार करावा लागतो. त्याच्यासमोर कोणता कागद असेल? त्यावर आधी काय लिहिलेलं असेल? प्रोटेक्ट केलेल्या शीटवर टॅब दाबलं की एक्सेल पुढच्या मोकळ्या सेलवर नेतं, पण डावीकडून उजवीकडे आणि मग खालच्या ओळीत. कागद वरून खाली वाचायचा आणि कर्सर आडवा पळतोय, असं झालं की हात अडखळतो. म्हणून शीटची मांडणी कागदाच्या क्रमानेच हवी. प्रोटेक्ट करताना कुलूपबंद सेल निवडण्याची परवानगी काढून घेतली, तर बाणाची बटणंही मोकळ्या सेलपुरतीच फिरतात.

पासवर्ड मी कधी घालत नाही. शीटचं हे संरक्षण गुपितं राखण्यासाठी नाही, असं मायक्रोसॉफ्ट स्वतःच सांगतं.

निवृत्तीनंतर हा विषय सूनबाईंमुळे पुन्हा घरात आला. त्या जिल्हा परिषदेच्या शाळेत शिक्षिका आहेत. शिक्षकांच्या ग्रुपवर रोज कसली ना कसली लिंक येते, ‘आजच माहिती भरा’. एका शीटमध्ये पंचवीस शाळा, सगळ्यांना सगळीकडे लिहायची मुभा. कुणीतरी आपली शाळा शोधायला एकाच रकान्याचा क्रम लावतं आणि एकाचा पट दुसऱ्याच्या नावापुढे जाऊन बसतो. अशी शीट तयार करायचं काम त्यांच्याकडे आलं, तेव्हा म्हणाल्या, “आई, जरा बघता का?”

गूगल शीट्समध्ये प्रत्येक शाळेची ओळ त्याच शाळेच्या खात्याला खुली ठेवली. शीर्षकं आणि बेरजा बंद. तिथे टॅब कुलूपबंद सेल ओलांडत नाही. म्हणून भरायचे रकाने सलग घेतले, सूत्रं पार उजवीकडे नेली, एकत्र जोडलेले सेल सोडवले. निम्मे शिक्षक मोबाइलवरच भरतात, तिथे टॅब कुठून येणार? म्हणून रकानेही कमी केले. संध्याकाळपर्यंत सगळ्या शाळांची माहिती आली, आणि कुणाचीच ओळ पुसली गेली नव्हती.

वर्ग सोडून माहिती भरणाऱ्या माणसाचा वेळ मोलाचा असतो. तुम्ही उद्या कुणाला अशी लिंक पाठवणार असाल, तर आधी माउस बाजूला ठेवा आणि पहिल्या रकान्यापासून शेवटच्यापर्यंत स्वतः टॅब दाबत जा. हात अडेल तिथे शीट दुरुस्त करा, मगच पाठवा.