परक्याजवळ बोलता येतं

लँकेस्टर विद्यापीठाच्या आवाराकडे बस वळली की आधी दिसायचा तो एक चमत्कारिक सुळका. तीन पाती खालून वर येत एकत्र मिळालेली आणि त्यांच्या पायथ्याशी गोलाकार दालनं. हे चॅप्लेन्सी सेंटर १९६९ साली उघडलं. विद्यापीठच मुळी १९६४ चं. आत एक चॅपल कॅथलिकांचं, दुसरं अँग्लिकन आणि इतर प्रोटेस्टंटांचं, तिसऱ्या भागात ज्यू विद्यार्थ्यांच्या खोल्या आणि त्यांचं कोशर स्वयंपाकघर. दोन्ही चॅपलांमधला पडदा सरकवला की एकच मोठी जागा व्हायची. कॅथलिक आणि प्रोटेस्टंट एका छपराखाली आणणं त्या काळच्या इंग्लंडात धाडसाचंच होतं. आम्ही बाकीचे, म्हणजे हिंदू, मुसलमान, शीख, बौद्ध, या नकाशात कुठे नव्हतो. गंमत अशी की याच विद्यापीठात निनियन स्मार्ट यांनी १९६७ मध्ये धर्माभ्यासाचा विभाग उभा केला होता आणि तिथे जगातल्या सगळ्या धर्मांचा अभ्यास चाले. गीतेवर बोलणारे प्राध्यापक होते. गीता घेऊन आलेल्या मुलाने बसायचं कुठे, हे मात्र कुणाला सुचलेलं नव्हतं.

मी तिथे १९८३ च्या ऑक्टोबरात पोचलो, साताऱ्याहून. परदेशी विद्यार्थ्यांकडून पूर्ण खर्चाची फी घ्यायचं धोरण १९८० पासून लागू झालं होतं, त्यामुळे शिष्यवृत्ती नसलेला भारतीय विद्यार्थी दुर्मीळच. मराठी बोलायला कुणी नाही. घरी पत्र लिहायचं ते निळ्या एअरोग्रामवर, कडेपर्यंत बारीक अक्षरात. उत्तर यायला तीन आठवडे, तोवर आपण काय विचारलं होतं तेच विसरायला व्हायचं. शाकाहारी म्हटलं की ताटात चीज आणि उकडलेला बटाटा.

चॅप्लेन हा शब्दही मी तिथेच ऐकला. इस्पितळ, सैन्य, तुरुंग, विद्यापीठ अशा ठिकाणी नेमलेला धर्मगुरू. प्रवचनापेक्षा माणसांजवळ बसणं हे त्याचं मुख्य काम. आमचे अँग्लिकन चॅप्लेन उंच, किंचित वाकलेले, कोपरांवर चामड्याची ठिगळं लावलेला स्वेटर घालणारे. त्यांच्या खोलीचं दार उघडं असायचं. आत एक किटली, बिस्किटांचा पत्र्याचा डबा, आणि स्प्रिंग गेलेल्या दोन खुर्च्या. तिथे जायला कारण लागत नसे. बाहेर वारा असला, आणि तो बहुतेक रोजच असे, की आम्ही आत शिरायचो. येशूबद्दल ते माझ्याशी कधी आपणहून बोलले नाहीत. क्रिकेटबद्दल बोलले, तेही चुकीचं.

त्या जानेवारीत वडील गेल्याची तार आली. तार हातात पडली तेव्हा अंत्यसंस्कार होऊनही गेले होते. तिकिटाचे पैसे नव्हते, आणि जाऊन पोचेपर्यंत उरणार काय होतं? मी दोन दिवस खोलीतच होतो. तिसऱ्या दिवशी शेजारच्या मुलाने सांगितलं म्हणून चॅप्लेन आले, पलंगाच्या कडेला बसले, आणि बऱ्याच वेळाने त्यांनी एकच प्रश्न विचारला: घरी असतास तर आता काय केलं असतंस?

हा प्रश्न मला साताऱ्यात कुणी विचारला नसता. तिथे भटजी, चुलते, आत्या यांनी सगळं परस्पर ठरवलं असतं आणि मी सांगितल्या जागी पाट मांडून बसलो असतो. इथे समोरच्या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं, त्यामुळे मला सगळं सांगावं लागलं. सुतक म्हणजे काय, दहावा का करतात, पिंड कशाचे, कावळा कशाला. सांगता सांगता वडिलांबद्दलही सांगितलं. आमचं वर्षभर धड बोलणं नव्हतं, हेसुद्धा. ते वाक्य मी चुलत्यांपुढे मेलो तरी उच्चारलं नसतं.

दहाव्याला त्यांनी आपल्या गाडीतून मला मोरकॅमच्या किनाऱ्यावर नेलं. तिथे ओहोटीला समुद्र इतका मागे जातो की पाणी शोधावं लागतं. दुकानात खिरीसाठी मिळणारा बुटका तांदूळ शिजवून मी पिंड केले होते. तो चिकट निघतो, कामाला उत्तम. तीळ मिळाले, दर्भ नाही. मंत्र मला येत नव्हते, तेव्हा जे तोंडाला आलं ते मराठीत म्हटलं. कावळा यायच्या आत दोन सीगल आले आणि त्यांनी सगळं फस्त केलं. मी हतबुद्ध होऊन पाहत राहिलो. चॅप्लेननी गंभीरपणे विचारलं, हे चालतं का? मला हसू फुटलं आणि मग रडूही. वडिलांना घाई फार असे. मला वाटतं त्यांना चाललं असावं.

त्याच वर्षी जूनमध्ये रमजान होता आणि परीक्षाही. उत्तर इंग्लंडात जूनचा सूर्य पावणेदहाला मावळतो आणि पहाट तीनच्या आसपासच होते. म्हणजे अठरा तासांहून जास्त पाण्याचा थेंब नाही. माझ्या मजल्यावरचा मलेशियाचा मुलगा तसाच पेपर लिहायला जाई. विद्यापीठात कुणाला याचा पत्ता नव्हता, आणि त्यानेही कुणाला सांगितलं नाही. शुक्रवारची नमाज ही मुलं कुठल्याशा वर्गखोलीत, खुर्च्या भिंतीला लावून पढायची. किब्ला, म्हणजे मक्केची दिशा, शाळकरी होकायंत्रावर पाहिलेला.

आता मी स्वतः हे काम करतो. नोकरी करून निवृत्त झालो आणि उत्तरेतल्याच एका विद्यापीठाचा मानद हिंदू चॅप्लेन झालो. मानद म्हणजे बिनपगारी. मला एक ईमेल पत्ता, गळ्यात घालायचं ओळखपत्र आणि गाडी लावायचा परवाना मिळतो. अँग्लिकन बाईंना पगार आहे. हो, बाई, तेव्हा ते शक्यच नव्हतं. इंग्लंडच्या चर्चने स्त्रियांना धर्मगुरू म्हणून दीक्षा दिली ती १९९४ पासून. आमच्या चमूत आता इमाम आहेत, रब्बाय आहेत, शीख, बौद्ध, क्वेकर आहेत, आणि देव न मानणाऱ्यांसाठी एक मानवतावादी गृहस्थही आहेत. त्यांची गरज मोठी आहे, असं आकडेच म्हणतात: २०२१ च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या ३७.२ टक्के लोकांनी कुठलाही धर्म नाही असं लिहिलं, आणि ख्रिस्ती पहिल्यांदाच निम्म्याच्या खाली, ४६.२ टक्क्यांवर आले.

सोयी झाल्या आहेत, खोटं कशाला बोलू. नमाजाची स्वतंत्र खोली आहे, पाय धुवायला नळ आहेत. रमजानच्या आधी प्राध्यापकांना सूचना जातात. आणि चांद्रवर्ष दरवर्षी दहा-अकरा दिवस मागे सरकत सरकत रमजान आता फेब्रुवारीत आलाय, उपास जेमतेम बारा-तेरा तासांचा. म्हणजे जेव्हा कुणी विचारत नव्हतं तेव्हा उपास सगळ्यात लांब होता, आणि आता सगळे काळजी करतात तेव्हा तो आखूड आहे. शीख मुलं आवारात लंगर लावतात आणि अख्खं विद्यापीठ रांगेत उभं राहतं. गणपती बसतो. दिवाळीला तीनशे पणत्या लागतात, फक्त त्या बॅटरीच्या असतात, कारण उघड्या ज्योतीला परवानगी हवी, परवानगीला धोक्याचं मूल्यांकन हवं, आणि हवन करायचं तर धुराचा अलार्म तात्पुरता बंद करणारा माणूस हवा. एकदा आमचा होम त्या माणसाच्या चहाच्या सुट्टीसाठी थांबला होता. मुहूर्त टळला, पण अग्निशमन दल आलं नाही.

काही गोष्टी अवघड झाल्यात. २०१५ च्या कायद्याने विद्यापीठांवर दहशतवादाकडे ओढल्या जाणाऱ्यांवर लक्ष ठेवायची जबाबदारी आली. ती अमलात कशी येते हे जागोजागी वेगळं असतं, पण मुलांच्या मनात ती बसली आहे. इमामांकडे येणारा मुलगा आधी टेबलावरच्या वहीकडे बघतो. आमच्या काळी चॅप्लेनच्या खोलीत वही नसायचीच. आता भेटींची संख्या लिहावी लागते, वर्षअखेरीस अहवाल असतो, आणि किटलीवरही विद्युत तपासणीचं लेबल असतं.

आणि मृत्यू. तो आता तारेने येत नाही. नाशिक-नगरची मुलं वसतिगृहाच्या खोलीत कानात इअरफोन घालून मोबाइलवर आजोबांची तिरडी निघताना पाहतात. कुणीतरी मामा फोन धरून स्मशानापर्यंत चालत असतो. चित्र मध्येच गोठतं. संपलं की मुलगा उठतो, तोंड धुतो, कारण रात्री बाराला असाइनमेंटची मुदत असते. मुदतवाढ मिळते, पण अर्जासोबत पुरावा जोडावा लागतो. मग मी पत्र देतो. आम्हाला बातमी उशिरा कळली, त्यामुळे दुःखाला निदान मोकळे दिवस मिळाले. यांना सगळं तत्क्षणी दिसतं आणि दुसऱ्या दिवशी लेक्चर असतं. मला विचाराल तर आमचं बरं होतं. घरचे म्हणतील, म्हातारा झाला.

पण मला खरं वेगळंच सांगायचं आहे. इतक्या वर्षांनी आपल्या मुलांना आपला माणूस मिळाला, आता ती मन मोकळं करतील, असं मी धरून चाललो होतो. एक मुलगी होती. गणपतीला मोदक वळायला पहिली, आरतीला पुढे, मला ‘काका’ म्हणायची. कशी आहेस विचारलं की ‘मजेत’. वर्ष संपताना तिने स्वतःच सांगितलं: दोन विषय गेले होते, घरी जमीन गहाण ठेवून कर्ज काढलं होतं, गोदामात रात्रपाळ्या करून ती दिवसा वर्गात झोपायची, आणि हे सगळं दर गुरुवारी ती आमच्या क्वेकर बाईंना सांगत होती. क्वेकर! त्यांच्या प्रार्थनासभेत तर बहुतेक वेळ कुणी बोलतच नाही. मी विचारलं, माझ्याकडे का नाही आलीस? ती म्हणाली, “काका, तुम्ही मराठी आहात.”

क्षणभर लागलं. मग पटलं. मी साताऱ्याचा, तिची मावशी कोरेगावला. आपल्याकडे दोन वाक्यांत ओळख निघते. आणि न निघाली तरी माझ्या चेहऱ्यावर तिला तिचे चुलते दिसणार. मोरकॅमच्या गाडीत मी जे बोललो ते शेजारी मराठी भटजी असते तर बोललो असतो का?

मग लक्षात येत गेलं की माझ्याकडे मन मोकळं करायला येतात ते बहुतेक हिंदू नसतातच. एक पोलिश मुलगा यायचा. त्याची श्रद्धा उडाली होती आणि त्याच्या आईचं फादरांशी दर रविवारी बोलणं होई. मला त्याच्या श्रद्धेशी देणंघेणं नाही, हे त्याला सोयीचं. इराणची एक मुलगी तासभर फक्त आईबद्दल बोलायची. रब्बाय सांगतात, त्यांच्याकडे शीख मुलं येतात. इमामांकडे येणाऱ्यांत दोन गुजराती जैन होते.

परक्यांजवळ जाण्याची ही गोष्ट नवी नाही. समाजसुधारक विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात तौलनिक धर्माभ्यास करायला आले, तेही युनिटेरियन लोकांच्या शिष्यवृत्तीवर. ऑक्सफर्ड, केंब्रिजमध्ये धर्माच्या अटी १८७१ च्या कायद्याने उठून तेव्हा तीस वर्षं झाली होती. जमखंडीच्या वारकरी घरातला मुलगा ख्रिस्ती पंथाच्या परक्या मंडळींत दोन वर्षं राहिला आणि १९०३ मध्ये परतला तो प्रार्थना समाजाचं काम हाती घ्यायला. तीन वर्षांत अस्पृश्यांसाठी डिप्रेस्ड क्लासेस मिशन उभं राहिलं. परक्यांत राहून माणूस परका होतो अशी आपल्याकडे भीती असते. शिंद्यांचं उलट झालेलं दिसतं: स्वतःच्या समाजाने दूर लोटलेल्यांकडे ते थेट पोचले.

म्हणून सध्या आमच्या बैठकीत एक विषय निघालाय तो मला खटकतो. भेटीची वेळ आता ॲपवरून घ्यायची आहे. विद्यार्थ्याने धर्म निवडायचा, की त्याला त्याच्या धर्माच्या चॅप्लेनकडे आपोआप पाठवलं जाईल. हेतू चांगलाच आहे. १९८३ साली हे असतं तर मी ‘हिंदू’वर बोट ठेवलं असतं आणि पडद्यावर ‘उपलब्ध नाही’ आलं असतं. आज ठेवलं तर मी मलाच भेटेन.

मी सुचवलं की यादीत शेवटी ‘कोणीही चालेल’ असा एक पर्याय ठेवा. अँग्लिकन बाईंनी मान डोलावली. रब्बाय म्हणाले, एक नाही, दोन पर्याय लागतील: ‘कोणीही चालेल’, आणि त्याखाली ‘आमचा सोडून कोणीही’. गर्दी दुसऱ्यावरच होईल, म्हणाले. ॲपवाल्या मुलाला हा विनोद वाटला. इमाम साहेबांना वाटला नाही. त्यांनी तो इतिवृत्तात लिहून घ्यायला लावला, आणि विषय पुढच्या बैठकीवर गेला आहे.