अंगणातल्या चाफ्याची गोष्ट

मालवण,
ऑगस्ट

चि. मुक्तास अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझं पत्र मिळालं. ब्रिस्बेनच्या नव्या घरी गॅलरीत दिवसभर ऊन असतं आणि तिथे आपल्या अंगणातला पांढरा चाफा लावायचं तुझ्या मनात आहे, हे वाचून फार बरं वाटलं. पण दिवाळीला येशील तेव्हा इथून फांदी न्यायचा विचार सोडून दे. परवान्याशिवाय जिवंत फांदी ऑस्ट्रेलियात नेता येत नाही, आणि ते रास्तच आहे. पावसाळ्यात आपल्या चाफ्याच्या पानांखाली नारिंगी भुकटी दिसते ना, तो तांबेरा. असे रोग फांद्यांबरोबरच देशोदेशी पोचतात.

हा चाफा कुणी लावला, असं तू विचारलंस. माझी आजी, म्हणजे तुझी पणजी, लग्न होऊन या घरात आली, त्यानंतर पहिल्या माहेरपणाहून परतताना तिने आचऱ्याहून एक फांदी आणली. माहेरच्या झाडाची फांदीही शेजारच्या वाडीतून मागून आणलेली होती. असं मागे मागे जात राहिलं तर आपण थेट समुद्रापलीकडे पोचतो. हा चाफा मूळचा मेक्सिको, मध्य अमेरिका आणि कॅरिबियन बेटांकडचा. शास्त्रज्ञ त्याला प्लुमेरिया म्हणतात, ते शार्ल प्लुमिये या फ्रेंच वनस्पतिशास्त्रज्ञावरून. आपल्या देवळांच्या आवारात तो इतका रुळला, की परका वाटतच नाही. लाओसने तर त्याला राष्ट्रीय फूल मानलंय, आणि तिकडे त्याच्या मायभूमीत निकाराग्वानेही.

हा सगळा प्रवास मुख्यतः फांद्यांनी केला. चाफ्याच्या फुलात मध नसतो. रात्री वास दरवळतो, त्याला भुलून लांब सोंडेचे पतंग मधाच्या आशेने या फुलावरून त्या फुलावर जातात, पण आपल्याकडे शेंग क्वचितच धरते. बी रुजवलं तरी फूल आईसारखं येईलच असं नाही. फांदी लावली की मात्र तेच झाड पुढे वाढतं. आपल्या अंगणात उभं आहे ते आचऱ्याच्या झाडाचं मूल नाही, ते आचऱ्याचंच झाड आहे. म्हणून माझं ऐक, तिथल्याच कुणाकडून फांदी माग. ब्रिस्बेनमध्ये चाफा घरोघरी आहे, तिथे फ्रँजिपानी म्हणून विचार. तीही अशीच कधीतरी कुणीतरी मागून नेलेली असणार.

दिवाळीपर्यंत थांबूही नकोस. आपण फाल्गुन-चैत्रात, झाड निष्पर्ण असताना फांदी काढतो. तुमच्याकडे आता थंडी सरते आहे, म्हणजे हीच वेळ. अंगठ्याएवढी जाड, राखाडी सालीची, हातभर लांब फांदी घे. हिरवी कोवळी नको, ती कुजते. कापल्यावर पांढरा चीक गळेल, तो डोळ्यांना लागू देऊ नकोस आणि हात धू. पानं असतील तर काढून टाक. मग फांदी सावलीत, कोरड्या जागी आठ-दहा दिवस नुसती ठेवून दे. काप वाळून टणक झाला पाहिजे. घाई इथेच नडते. ओला काप मातीत गेला की बुरशी धरते.

कुंडीला भोक हवंच. निम्मी जाड रेती, निम्मी माती घे आणि फांदी चार बोटं खोल लाव. काठीला बांध, म्हणजे वाऱ्याने हलून नवी मुळं तुटणार नाहीत. एकदा पाणी दे, नंतर माती पूर्ण सुकल्याशिवाय देऊ नकोस. खत तर अजिबात नको. बुंध्याशी बोटाने दाबून बघत जा. टणक असेल तर निश्चिंत राहा.

थोड्या दिवसांनी शेंड्याला पानं फुटतील, पण तेवढ्यावर मूळ धरलं असं समजू नकोस. फांदीत साठवलेल्या रसावरही ती फुटतात. सहा-आठ आठवड्यांनी दोन-तीन पानं पूर्ण मोठी होऊन टिकली, की मुळं आली म्हणायचं. मग उन्हात ठेव, रोज सहा तास तरी. फूल पुढल्या वर्षी येईल, नाहीतर त्याच्या पुढल्या.

फुलांचा घोस येतो तो फांदीच्या टोकाला, आणि तिथूनच पुढे फाटे फुटतात. दिवाळीला आलीस की आपल्या झाडाचे फाटे नीट बघ. आजीपासूनचे कितीतरी बहर त्यांत दिसतील.

आजी चाफ्याची फांदी मागणाऱ्याला कधी नाही म्हणाली नाही. तूही म्हणू नकोस. पण आधी स्वतः मागायला शीक. येत्या रविवारीच शेजारी जा, संकोच करू नकोस, आणि काय झालं ते कळव.

तुझी,
आत्या