आधी तेल, मग रंग

चि. सुहास यास,

व्हरमाँटहून आलेल्या पत्रात ओंडके फोडण्याच्या जुन्या हायड्रॉलिक यंत्राला दिलेल्या लाल रंगाचे वर्णन पानभर आहे, आणि तेल कोठून गळते हे इंजिन चालू असताना तळहाताने चाचपून पाहिल्याचा उल्लेख मात्र एका ओळीत उरकला आहे. सांगलीच्या शेडमध्ये दादांच्या बोटाला झालेली इजा ज्याने पाहिली, त्यानेच असे करावे, याने घरातली वडीलधारी मंडळी अस्वस्थ झाली आहेत.

पत्रातली विचारणा एवढीच आहे की, पाचर कठीण लाकडात का अडते. अशा यंत्रात इंजिन पंप फिरवते, पंप टाकीतले तेल सिलिंडरमध्ये ढकलतो आणि त्या तेलाच्या दाबाने दट्ट्या पुढे सरकतो. चार इंच व्यासाच्या सिलिंडरमध्ये दर चौरस इंचाला 2500 पौंड दाब असेल, तर सुमारे 14 टन जोर मिळतो. दोन टप्प्यांच्या पंपात गिअरच्या दोन जोड्या असतात. रिकाम्या धावेत दोन्ही जोड्या मिळून भरपूर तेल देतात, पण लाकूड आडवे येताच मोठ्या जोडीचे तेल टाकीत परत वळते आणि छोटी जोडी एकटी थोडे तेल मोठ्या दाबाने रेटते, म्हणून पाच अश्वशक्तीच्या इंजिनावरही काम निभते. तो दाब चढत नसेल, तर आधी तेल पाहावे: ते दुधाळ दिसल्यास त्यात पाणी शिरले आहे, फेसाळ दिसून पंप किंचाळत असल्यास शोषनळीतून हवा ओढली जात आहे. तेल निर्दोष निघाले, तर दट्ट्याचे सील, म्हणजे तेल पलीकडे जाऊ न देणारी कडी, झिजले असण्याचा संभव मोठा. रिलीफ व्हॉल्व्ह, म्हणजे ठरावीक दाबापलीकडचे तेल टाकीत सोडणारी झडप, मापकाशिवाय आवळून जोर वाढवण्याच्या फंदात कोणी पडू नये.

यंत्राचा जीर्णोद्धार म्हणजे प्रथम त्याच्या तेलाचा जीर्णोद्धार, हे मत या घरात नवे नाही आणि ते पुन्हा ऐकवावे लागावे याचा खेद आहे. टाकी धुणे, गाळणी बदलणे, नळ्या नव्या घालणे ही कामे छायाचित्रात दिसत नाहीत, म्हणून ती मागे पडतात. रंग मात्र सांध्यावरची बारीक चीरसुद्धा झाकून टाकतो. पाठवलेल्या छायाचित्रात दट्ट्याच्या चकचकीत दांड्यावर लाल रंगाचा एक वाळलेला थेंब स्पष्ट दिसतो. दर फेरीला तो सीलवर घासणार आणि शेवटी सील कापणार. तो न खरवडता द्रावकाने पुसावा.

पण खरी चिंता हाताची आहे. रबरी नळी नुसती पडून राहिली तरी म्हातारी होते, आणि तिच्या सुईएवढ्या छिद्रातून उडणारी तेलाची धार हातमोजा व कातडी भेदून आत शिरते. जखम काटा रुतल्यासारखी क्षुल्लक दिसते, सुरुवातीला फारशी दुखतही नाही, आणि काही तासांत आतले मांस नासून बोट किंवा हात गमावण्याची पाळी येते. अशा वेळी मलमपट्टी करीत न बसता तेल आत गेल्याचे सांगून थेट शस्त्रक्रियेच्या रुग्णालयात जायचे असते. सूनबाई ओंडका धरतात आणि चिरंजीव लिव्हर ओढतात, हेही पत्रात कौतुकाने लिहिले आहे. ते आजपासून बंद व्हावे, कारण एकाचा हात आणि दुसऱ्याचे लिव्हर यांच्या मध्येच बोटे जातात. ओंडका ज्याने ठेवला त्यानेच दोन्ही हात बाजूला घेऊन लिव्हर हलवावे.

तेव्हा इंजिन बंद करून, लिव्हर दोन्ही बाजूंना हलवून अडकलेला दाब उतरवावा आणि सर्व नळ्या बदलाव्यात. त्यानंतर गळती शोधायचीच झाली तर लांबून पुठ्ठा धरून शोधावी. नळ्या बदलेपर्यंत यंत्र सुरू करू नये, आणि त्या बदलल्याचे उलट टपाली कळवावे.